रखमाबाईंवर पद्य-कादंबरी लिहायची ठरली तर? नोंद, दावा, अनुमान आणि कल्पना



‘राणी व्हिक्टोरियाने रखमाबाईंचा विवाह रद्द केला.’ हे वाक्य तुम्ही कुठे ना कुठे वाचलेलं असणार. स्पर्धा परीक्षेच्या नोट्समध्ये, ८ मार्चच्या फॉरवर्डमध्ये किंवा एखाद्या भाषणात. गोष्ट म्हणून वाक्य फारच सोयीचं आहे. एक धाडसी मुलगी, तिच्या विरुद्ध गेलेला निकाल, थेट राणीला साद आणि मग न्याय. अडचण एवढीच आहे की उपलब्ध नोंदींशी हा शेवट जुळत नाही.

आज या एका वाक्याच्या निमित्तानं ऐतिहासिक पद्य-कादंबरी या लेखनप्रकाराबद्दल बोलूया. पेट दिलेल्या, सिनॉप्सिसची जुळवाजुळव करत असलेल्या वाचकांपैकी निम्मे तरी विज्ञान शाखेचे आहात हे मला माहीत आहे. ‘कविता आणि कादंबरीशी आपला काय संबंध?’ हा प्रश्न मनात आलाच असेल. संबंध असा: आलेखावर पाच बिंदू मोजलेले असतात आणि त्यांच्यामधून आपण एक वळणदार रेषा ओढतो. ती रेषा ओढायला कुणाचीच हरकत नसते. पण मोजलेला बिंदू कोणता आणि रेषेवरून काढलेला कोणता, हे विसरलो की संशोधन संपतं. ऐतिहासिक पद्य-कादंबरीत ही गल्लत व्हायला भरपूर वाव असतो, म्हणून सरावासाठी हा प्रकार उत्तम.

पद्य-कादंबरी म्हणजे नेमकं काय?

सोप्या शब्दांत, कादंबरीएवढी लांब गोष्ट, पात्रं आणि प्रसंग असलेली, पण सगळी कवितेच्या ओळींत सांगितलेली. विक्रम सेठ यांची ‘द गोल्डन गेट’ (१९८६) पूर्णपणे सुनीतांमध्ये लिहिलेली आहे. अलीकडे किशोरवयीन वाचकांसाठी मुक्तछंदात लिहिलेल्या अशा इंग्रजी कादंबऱ्या बऱ्याच येतात.

मराठीला हे नवीन आहे असं समजू नका. इतिहास पद्यात सांगण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. पोवाडा हा त्याचा सगळ्यात ओळखीचा प्रकार. जोतीराव फुल्यांनी १८६९ साली शिवाजी महाराजांवर लिहिलं ते पोवाड्यातच. विसाव्या शतकात माधव जूलियन यांनी ‘सुधारक’सारखं खंडकाव्य लिहिलं, त्यात समकालीन समाज आहे. म्हणजे लांब गोष्ट पद्यात सांगणं आपल्या भाषेला परकं नाही.

या प्रकारात न्याय मागणाऱ्या मुलीची गोष्ट कशी येते याचं एक उदाहरण बघूया. जॉय मॅकलो यांची ‘ब्लड वॉटर पेंट’ ही २०१८ ची पद्य-कादंबरी आर्तेमिसिया जेंतिलेस्की या इटालियन चित्रकर्तीवर आहे. आर्तेमिसियाचा जन्म १५९३ चा. आगोस्तीनो तासी या चित्रकारानं तिच्यावर बलात्कार केला आणि १६१२ साली रोममध्ये खटला चालला. खरं बोलतेय की नाही हे तपासायला तिचीच बोटं दोरीच्या फासात आवळली गेली. या खटल्याचे कागद आजही शिल्लक आहेत आणि त्यात तिची जबानी आहे. म्हणजे लेखिकेच्या हाताशी चारशे वर्षांपूर्वीच्या मुलीचं बोलणं होतं, जरी ते कारकुनानं टिपलेलं असलं तरी. तिथून पुढे कल्पना सुरू होते.

आता आपल्याकडची सगळ्यात जवळची केस घेऊया: दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई, मुंबई, १८८४ ते १८८८.

खटला थोडक्यात

रखमाबाईंचा जन्म १८६४ चा, मुंबईतला. त्या लहान असतानाच वडील जनार्दन पांडुरंग वारले. आई जयंतीबाई यांनी पुढे डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. कुटुंब सुतार समाजातलं, त्या समाजात विधवेच्या पुनर्विवाहाला मज्जाव नव्हता. वयाच्या ११ व्या वर्षी रखमाबाईंचं लग्न सखाराम अर्जुन यांच्या नात्यातल्या दादाजी भिकाजी यांच्याशी लावून दिलं. दादाजी तेव्हा विशीच्या उंबरठ्यावर होते. त्यांनी सासरी राहून शिकावं अशी अपेक्षा होती, ती पुरी झाली नाही. रखमाबाई मात्र घरी राहून वाचत गेल्या.

१८८४ साली दादाजींनी वकिलामार्फत नोटीस पाठवली आणि मग मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला: बायकोनं नांदायला यावं. रखमाबाईंनी नकार दिला.

२१ सप्टेंबर १८८५ रोजी न्या. पिन्ही यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूनं दिला. त्यांच्या म्हणण्याचा गाभा असा की हा उपाय मुळात इंग्लंडच्या कायद्यातून आलेला आहे. तो सुरू झालेला संसार मोडला तर पुन्हा सुरू करण्यासाठी आहे. इथे संसार कधी सुरूच झालेला नव्हता आणि लग्न झालं तेव्हा मुलगी अजाण होती.

दादाजींनी अपील केलं. १८८६ साली अपिलात हा निकाल फिरला आणि प्रकरण पुन्हा सुनावणीसाठी खाली आलं. ४ मार्च १८८७ रोजी न्या. फॅरन यांनी हुकूम दिला: एक महिन्याच्या आत नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद. रखमाबाईंनी कैद पत्करण्याची तयारी दाखवली.

प्रकरण मिटलं ते जुलै १८८८ मध्ये, कोर्टाबाहेर. दादाजींना २,००० रुपये देण्यात आले आणि त्यांनी हुकमाच्या अंमलबजावणीचा आग्रह सोडला. १८८९ साली रखमाबाई लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात शिकायला गेल्या. १८९४ मध्ये डॉक्टर होऊन परतल्या आणि पुढची कित्येक वर्षं सुरत आणि राजकोट इथे त्यांनी काम केलं. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, ९० व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

चार रंगांचे पेन

समजा तुम्हाला यावर पद्य-कादंबरी लिहायची आहे, किंवा कुणी लिहिलेली तपासायची आहे. चार रंगांचे पेन घ्या आणि प्रत्येक विधानाखाली एक रेघ ओढा.

पहिला रंग, नोंद. ज्याचा त्या काळातला कागद आहे आणि ज्याबद्दल दोन्ही पक्षांत वाद नाही. पिन्ही यांचा निकाल ‘इंडियन लॉ रिपोर्ट्स’च्या मुंबई मालिकेत ९ व्या खंडात छापलेला आहे, अपिलाचा १० व्या खंडात. २६ जून आणि १९ सप्टेंबर १८८५ रोजी ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक हिंदू स्त्री’ या टोपणनावानं पत्रं छापून आली, ती रखमाबाईंची होती. पहिलं बालविवाहाबद्दल, दुसरं लादलेल्या वैधव्याबद्दल. या झाल्या नोंदी.

दुसरा रंग, दावा. कागद आहे, पण तो एका बाजूचा आहे. १८८७ साली दादाजींनी आपली बाजू मांडणारी पुस्तिका काढली. त्यांच्या मते सगळा विरोध रखमाबाईंच्या माहेरच्या माणसांचा होता आणि त्यामागे मालमत्ता होती. रखमाबाईंनी वृत्तपत्रातून त्याला उत्तर दिलं. आता इथे एक मोह होतो. आपली सहानुभूती रखमाबाईंकडे असते, म्हणून त्यांचं म्हणणं आपण ‘नोंद’ या रंगात टाकतो आणि दादाजींचं ‘खोटं’ म्हणून बाजूला सारतो. असं करू नका. दोन्ही दावेच आहेत. सहानुभूती ठेवायला कुणाची ना नाही, पण पेनचा रंग तिच्यावर ठरत नाही.

तिसरा रंग, अनुमान. कागदात थेट लिहिलेलं नाही, पण दोन-तीन नोंदी जोडल्या की निघतं. उदाहरणार्थ, सावत्र वडील सखाराम अर्जुन १८८५ मध्येच वारले, पिन्ही यांच्या निकालाआधी. म्हणजे अपील, फेरसुनावणी आणि कैदेचा हुकूम या सगळ्या काळात घरातला मोठा आधार गेलेला होता. हे अनुमान मजबूत आहे, कारण दोन्ही टोकांना नोंद आहे.

चौथा रंग, कल्पना. ४ मार्च १८८७ च्या रात्री रखमाबाई काय विचार करत होत्या? जेवल्या का? आईशी काय बोलल्या? इथे कागद गप्प आहे. कादंबरीकाराला इथे पूर्ण मोकळीक आहे आणि ती असायलाच हवी. फक्त ही मोकळीक आहे हे त्याला स्वतःला माहीत असलं पाहिजे.

तुमच्या प्रबंधात चौथ्या रंगाला जागा नाही. पण पहिल्या तिघांची सरमिसळ तिथेही होते, आणि व्हायव्हामध्ये बाहेरून आलेले परीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवतात.

राणीचं वाक्य तपासूया

आता सुरुवातीचं वाक्य घ्या आणि रंग ठरवा.

नोंद काय आहे? रखमाबाईंचं एक पत्र ९ एप्रिल १८८७ रोजी लंडनच्या ‘द टाइम्स’मध्ये छापून आलं. ते राणीच्या कारकिर्दीचं सुवर्णमहोत्सवी वर्ष होतं. त्या पत्रात राणीकडून अपेक्षा व्यक्त केलेली होती, कायद्यात बदल व्हावा अशी, ठरावीक वयाखालची लग्नं कायदेशीर मानू नयेत अशी. म्हणजे राणीला साद घातली होती हे खरं.

दुसरी नोंद: प्रकरण १८८८ मध्ये पैसे देऊन मिटलं.

या दोन बिंदूंमध्ये कुणीतरी रेषा ओढली: ‘राणीला साद घातली, मग सुटका झाली, म्हणजे राणीनं सोडवलं.’ पुढे रेषा पुसली गेली आणि शेवटचा बिंदू मोजलेला म्हणून फिरू लागला. एकाच्या लेखातून दुसऱ्याच्या लेखात गेला. वीस ठिकाणी तेच वाक्य दिसलं की आपल्याला वाटतं वीस पुरावे आहेत. खरं तर तो एकच दावा असतो, वीसदा उतरवलेला. लिटरेचर रिव्ह्यू करताना हे कायम लक्षात ठेवा. वीस पेपर एकाच जुन्या पेपरचा दाखला देत असतील तर तुमच्याकडे पुरावा एकच आहे.

आता या दाव्याची चाचणी घेऊ. विज्ञानात आपण विचारतो: हे खरं असतं, तर आणखी काय दिसायला हवं होतं? राणीनं विवाह रद्द केला असता, तर पहिली गोष्ट, १८८८ मध्ये दादाजींना २,००० रुपये देण्याची गरजच उरली नसती. रद्द झालेल्या विवाहाचा हुकूम कोण बजावणार? दुसरी गोष्ट त्याहून बोलकी आहे. दादाजी १९०४ साली वारले आणि त्यानंतर रखमाबाई विधवेसारखी पांढरी साडी नेसू लागल्या, असं त्यांच्या चरित्राच्या वर्णनांत येतं. विवाह सोळा वर्षांपूर्वीच रद्द झालेला असता, तर वैधव्य कशाचं?

ही पांढरी साडी अनेक लेखकांना अडचणीची वाटते. जिनं लादलेल्या वैधव्याविरुद्ध पत्र लिहिलं, तिनं हे का केलं असेल? गोष्टीत ते बसत नाही म्हणून गाळून टाकलं जातं. माझा सल्ला उलटा आहे. जो बिंदू तुमच्या रेषेवर बसत नाही, तो सगळ्यात आधी वहीत लिहा. त्याचं कारण सांगता येत नसेल तर सांगू नका, पण बिंदू पुसू नका. चांगली पद्य-कादंबरी कदाचित याच साडीपासून सुरू होईल.

आवाज कोणत्या भाषेत?

पद्य-कादंबरी बहुतेक वेळा ‘मी’ म्हणून बोलते. म्हणजे मुलीचा आवाज लागतो. रखमाबाईंच्या बाबतीत इथे एक गंमतशीर पेच आहे.

आर्तेमिसियाची जबानी खटल्याच्या कागदात आहे. रखमाबाईंच्या खटल्याचे छापील अहवाल वाचलेत तर तिथे वकिलांचे युक्तिवाद मिळतील, न्यायाधीशांचं मत मिळेल, कलमं मिळतील. जिच्याबद्दल सगळं चाललंय तिचा आवाज तिथे फारसा नाही. तो वृत्तपत्रांतल्या पत्रांत आहे, आणि ती पत्रं इंग्रजीत आहेत, १८८५ च्या वाचकाला पटवण्यासाठी लिहिलेली, युक्तिवादाच्या भाषेत. मुंबईतल्या मराठी घरातली वीस वर्षांची मुलगी आईशी त्या भाषेत बोलत नसणार.

मग मराठी आवाज आणायचा कुठून? आपल्या नाशिककरांना इथे एक जवळची वाट आहे. लक्ष्मीबाई टिळक. जन्म १८६८, नाशिकजवळच्या जलालपूरचा. म्हणजे रखमाबाईंहून चारच वर्षांनी लहान. लग्न त्यांचंही ११ व्या वर्षीच झालं. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाली आणि त्या पिढीतली बाई घरात कशी बोलत असेल याचा इतका जिवंत नमुना मराठीत दुसरा सहज सापडत नाही. शिवाय याच लक्ष्मीबाईंनी नवऱ्याचं, रेव्हरंड ना. वा. टिळकांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ हे दीर्घकाव्य पुढे लिहून पुरं केलं. शाळेत न गेलेल्या बाईनं लांब पद्यकथा लिहिण्याचं उदाहरण आपल्या जिल्ह्यातच आहे.

पण थांबा. प्रयोगशाळेत आपण कंट्रोल निवडतो तेव्हा तो सगळ्या बाबतींत जुळणारा आहे का हे बघतो. इथे काय जुळतं? काळ, लग्नाचं वय, भाषा. काय जुळत नाही? लक्ष्मीबाई ब्राह्मण घरातल्या, रखमाबाई सुतार समाजातल्या. एक नाशिककडच्या, दुसरी मुंबईची. एकीला अक्षरओळख लग्नानंतर झाली, दुसरी डॉक्टरच्या घरात इंग्रजी पुस्तकं वाचत वाढली. आणि ‘स्मृतिचित्रे’ घडलेल्या गोष्टींनंतर कित्येक दशकांनी लिहिलेली आहेत, म्हणजे ती भाषा काही अंशी १९३० च्या दशकाची आहे. म्हणून ‘स्मृतिचित्रे’ वाचा, वाक्यांची चाल कानात बसवा, पण लक्ष्मीबाईंचे शब्द उचलून रखमाबाईंच्या तोंडी घालू नका.

संशोधनात हा नियम सगळीकडे लागू आहे. तुमच्या नमुन्याचा डेटा मिळत नाही म्हणून दुसऱ्या नमुन्याचा वापरताना दोघांत काय सारखं आणि काय वेगळं, याचा एक परिच्छेद तरी प्रबंधात हवाच.

सात ओळी आणि त्यांची तपासणी

आता प्रत्यक्ष करून बघू. खालच्या सात ओळी मी फक्त तपासणीसाठी जुळवल्या आहेत, त्यांना कविता म्हणून गुण देऊ नका. बोलणारी रखमाबाई आहे, दिवस १९ सप्टेंबर १८८५.

शनिवारी छापून आलं पत्र.
खाली माझं नाव नाही.
आई म्हणाली, काय वाचतेस एवढं?
म्हटलं, कुणा बाईनं लिहिलंय.
बाहेर पाऊस.
सोमवारी निकाल.
दोन रात्री मोजायच्या.

ओळ १. तारीख नोंद आहे. ‘शनिवार’ मी कॅलेंडरवरून काढला. १ जानेवारी १८८५ ला गुरुवार होता, तिथून १९ सप्टेंबरपर्यंत मोजलं की शनिवार येतो. हे अनुमान आहे, पण गणिताइतकं पक्कं. ऐतिहासिक लेखनात वार चुकणं ही फार सहज टाळता येणारी गोष्ट आहे आणि तरी ती चुकते.

ओळ २. नोंद. टोपणनावानं छापलं होतं.

ओळी ३ आणि ४. शुद्ध कल्पना. असा संवाद झाल्याचा कागद नाही, झाला नसल्याचाही नाही. कादंबरीत चालेल, चरित्रात चालणार नाही.

ओळ ५. ही मला सगळ्यात आवडते, कारण दिसते कल्पनेसारखी पण तपासता येते. मुंबईत कुलाबा वेधशाळेत त्या काळी हवामानाच्या नोंदी नियमित ठेवल्या जात होत्या. त्या दिवशीचा पाऊस किती, हे शोधण्याजोगं आहे. शोधेपर्यंत या ओळीखाली चौथ्या रंगाची रेघ. सापडलं तर रंग बदलेल, किंवा ओळ जाईल.

ओळ ६. इथे खरी मेख आहे. निकाल सोमवारी, २१ सप्टेंबरला लागला, ही नोंद आहे. पण शनिवारी रखमाबाईंना ते ठाऊक होतं का? आपल्याला माहीत आहे म्हणून आपण ते त्यांच्या डोक्यात घातलं. इतिहासावर लिहिणारे सगळेच या खड्ड्यात पाय घालतात. पुढे काय घडलं हे आपल्याला माहीत असतं आणि पात्रं ते माहीत असल्यासारखी वागू लागतात. विज्ञानात याचा भाऊ म्हणजे निष्कर्ष आधी बघून मग गृहीतक लिहिणं. नाव वेगळं, दोष तोच.

ओळ ७. सहावी ओळ पडली की सातवीही पडते. एका अनुमानावर दुसरं रचलं की असं होतं. प्रबंधात तिसऱ्या प्रकरणातलं गृहीतक कोसळलं तर पाचवं प्रकरण उभं राहील का, हे आधीच तपासा.

सात ओळींत साधारण अडीच ओळी नोंदीच्या निघाल्या. हे प्रमाण वाईट अजिबात नाही. पद्याचा एक फायदाच आहे, ओळ लहान असल्यामुळे प्रत्येक विधान सुटं होतं आणि रंग लावणं सोपं जातं. गद्यात हीच सात विधानं एका लांब वाक्यात गुंफली असती तर कल्पना कुठून सुरू झाली ते कळलंच नसतं. तुमच्या सिनॉप्सिसमधली लांब वाक्यंही अशी तोडून बघा.

मग न्याय मिळाला का?

न्याय मागणाऱ्या मुलीची गोष्ट म्हटलं की वाचक शेवटी निकाल मागतो. राणीची दंतकथा टिकून राहिली ती याच भुकेमुळे. खरा शेवट त्या मानानं अवघड आहे. कोर्टात रखमाबाई एकदा जिंकल्या आणि मग हरल्या. सुटका झाली ती पैसे मोजून. कायद्यानं त्यांना बरोबर ठरवलं नाही.

या खटल्यानं उठलेल्या वादळाचा संमतिवयाच्या चर्चेवर परिणाम झाला आणि १८९१ साली कायद्यानं मुलींचं संमतिवय १० वरून १२ केलं, असं अभ्यासक सांगतात. कायदा ही नोंद. त्याचा या खटल्याशी संबंध हे अनुमान, आणि बऱ्यापैकी मजबूत. ‘रखमाबाईंमुळे कायदा झाला’ असं एका ओळीत लिहिलंत तर मात्र ते अनुमानाच्याही पुढे गेलं, कारण त्या काळात इतरही घटना घडत होत्या, बेहरामजी मलबारींसारख्यांची मोहीमही चालू होती.

आणि ज्या उपायाखाली त्यांच्यावर दावा लागला, त्याचं काय झालं? हिंदू विवाह कायदा १८ मे १९५५ रोजी लागू झाला. त्याचं कलम ९ दांपत्याधिकारांच्या पुनःस्थापनाचं, म्हणजे तोच ‘नांदायला या’चा दावा, आता नवरा-बायको दोघांनाही उपलब्ध. त्यानंतर चार महिन्यांनी रखमाबाई वारल्या. १९८३ साली आंध्र प्रदेश उच्च न्यायालयानं हे कलम घटनाबाह्य ठरवलं, पण १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सरोज राणी खटल्यात ते वैध मानलं. कलम आजही कायद्यात आहे.

पद्य-कादंबरी लिहिणाऱ्यानं १८८८ ला थांबायचं, १८९४ ला थांबायचं की १९५५ ला, हे त्याचं त्यानं ठरवावं. १८९४ ला थांबलात तर ती यशोगाथा होते. १८८८ ला थांबलात तर तडजोडीची गोष्ट. १९५५ पर्यंत गेलात तर न संपलेल्या खटल्याची. तिन्हींतल्या तारखा खऱ्या आहेत. कुठे थांबायचं हा निर्णयच एक विधान असतो. तुमच्या अभ्यासाचा कालखंड ठरवतानाही हेच होतं, म्हणून ‘कालमर्यादा’ या मथळ्याखाली नुसती सालं न लिहिता ती का निवडली हे लिहा.

विषयापासून प्रश्नापर्यंत

गाईडला भेटायला जाताना ‘रखमाबाई’ हा विषय घेऊन गेलात तर परत पाठवलं जाईल. तो विषय आहे, प्रश्न नाही. यातून निघू शकतील असे तीन प्रश्न देतो, प्रत्येकाला वेगळी साधनं लागतात.

एक: १८८५ ते १८८८ या काळात मराठी वृत्तपत्रांनी रखमाबाईंच्या इंग्रजी पत्रांचा मजकूर किती आणि कसा दिला? यासाठी जुन्या फायली लागतील.

दोन: ‘राणीनं विवाह रद्द केला’ हे विधान छापील मराठीत प्रथम कधी आणि कुठे दिसतं? हे काम चिवटपणाचं आहे, पण उत्तर मिळालं तर ते ठोस असेल.

तीन: खऱ्या खटल्यांवरच्या पद्य-कादंबऱ्या नोंद आणि कल्पना यांची सीमा वाचकाला कशी दाखवतात? टीप देऊन, प्रस्तावनेतून, की मांडणीतून? ‘ब्लड वॉटर पेंट’मध्ये आर्तेमिसियाची कथा पद्यात आहे आणि आईनं सांगितलेल्या सुझाना आणि ज्युडिथच्या गोष्टी गद्यात. अशी युक्ती आणखी कोण वापरतं, हे बघण्यासारखं आहे.

नाशिकमध्ये राहून सुरुवात कुठून करायची? सार्वजनिक वाचनालयापासून करा, १८४० सालची संस्था आहे. रखमाबाईंची मराठी चरित्रं आणि ‘स्मृतिचित्रे’ तिथे विचारा. लॉ रिपोर्ट्सच्या जुन्या खंडांसाठी विधी महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत चौकशी करा. खटल्यावरचा सगळ्यात सविस्तर इंग्रजी अभ्यास म्हणजे सुधीर चंद्र यांचं ‘एन्स्लेव्ह्ड डॉटर्स’, ते आधी वाचा. पण वाचताना त्यांनी कुठला कागद वापरलाय ते वहीत उतरवत जा, कारण पुढे तुम्हाला त्या कागदापर्यंत स्वतः जायचं आहे.

या आठवड्यासाठी एक काम. तुमच्या सिनॉप्सिसमधला कुठलाही एक परिच्छेद घ्या, त्याची वाक्यं सुटी करा आणि नोंद, दावा, अनुमान, कल्पना अशा चार रंगांच्या रेघा ओढा. विषय सूक्ष्मजीवांचा असो, माती परीक्षणाचा असो की इतिहासाचा. चौथा रंग एकदाही लागला तर ते वाक्य काढून टाका. दुसरा रंग लागला तर समोरच्या बाजूचा कागद शोधा. तिसरा लागला तर त्याच्या दोन्ही टोकांना नोंद आहे का ते बघा.